खाऱ्या पुळणीवर यंत्र शांत ठेवताना

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर ओहोटीला मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणारी माणसं बारमाही दिसतात. उन्हाळ्यात इथे पाण्यात उतरणाऱ्यांची झुंबड असते. अटलांटिकच्या गार पाण्यात बोटं आकसतात, हाताला सनस्क्रीनचं तेल असतं, एखादी लाट अंगावर येते आणि अंगठी निसटून वाळूत जाते. मी रत्नागिरीत वाढलो, मुंबईत रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती शिकलो आणि पोटापाण्यासाठी इकडे आलो. किनाऱ्याची ओढ जुनीच, आणि कुठलंही यंत्र उघडून आत पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे हा छंद मनापासून मानवला.

नव्याने यात पडणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, "किती खोलवरचं दाखवतं?" समुद्रावर हा प्रश्न दुसरा यायला हवा. ओल्या वाळूवर यंत्र शांत राहतं का, हे आधी विचारावं. चांगला डिटेक्टर कानात एक बारीक सूर सतत धरून ठेवतो. तानपुरा नीट लागलेला असेल तरच गाणाऱ्याचा किंचित ढळलेला स्वर कानाला कळतो; या मागच्या सुराचंही तसंच आहे. तो स्थिर असेल तर खोल गेलेल्या अंगठीमुळे आलेला जेमतेम उठाव ऐकू येतो. तो थरथरत असेल तर संवेदनशीलता कितीही वाढवा, खोलवरचं काहीच हाती लागत नाही. मी यंत्रात जे जे बदल केले, जे जे बिघाड काढले, ते सगळे या सुरासाठी.

१. खारं पाणी यंत्राला धातूसारखंच दिसतं.

कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र बाहेर पडतं. समोर वीजवाहक वस्तू आली की तिच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचं उलटं क्षेत्र कॉइलला जाणवतं. समुद्राच्या पाण्यात वजनाने साधारण साडेतीन टक्के क्षार असतात आणि ते नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट वीज वाहून नेतं. म्हणजे ओली पुळण ही यंत्राच्या दृष्टीने पसरलेली एक मोठी, फिकी वीजवाहक चादर असते. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या यंत्रात या चादरीचा प्रतिसाद नेमका चांदीच्या वर्खासारख्या पातळ धातूच्या आणि बारीक सोन्याच्या शेजारी पडतो. मीठ गाळायला जावं तर बारीक सोनंही गाळलं जातं.

त्यात काळी वाळू आली की पेच वाढतो. काळबादेवी, भाट्ये इथली इल्मेनाइटची काळी वाळू पाहतच मी लहानाचा मोठा झालो. न्यू जर्सीतही वादळानंतर पुळणीवर काळ्या-जांभळट पट्ट्या उघड्या पडतात: लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि गार्नेट, मॅग्नेटाइटसारखी जड खनिजं मागे राहतात. मॅग्नेटाइट चुंबकीय आहे, त्याचा प्रतिसाद मिठापेक्षा अगदी निराळा. एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला दोहोंपैकी एकाशी जुळवून घेता येतं, दोघांशी एकदम नाही. पण या पट्ट्या टाळूनही चालत नाही. ज्या लाटांनी जड खनिजं तिथे मागे ठेवली, त्याच लाटांनी अंगठ्या आणि नाणीही तिथेच ठेवलेली असतात. म्हणून समुद्रासाठी दोन किंवा अधिक फ्रिक्वेन्सींचं यंत्र घ्यावं (फिशरच्या जुन्या सी-झेड मालिकेत ५ आणि १५ किलोहर्ट्झ अशा दोन एकदम चालतात) किंवा पल्स इंडक्शनचं. एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र कोरड्या वाळूवर उत्तम चालतं, त्याला तिथेच ठेवावं.

२. बिघाड शोधण्याआधी जागा बदलून पाहावी.

आमच्या मंडळातला एक तरुण मुलगा नवं यंत्र घेऊन आला. "काका, खोक्यातून काढलं तेव्हापासून ओरडतंच आहे. परत पाठवू का?" म्हटलं, आधी किनाऱ्यावर चल. बोर्डवॉकखाली उभं राहून कॉइल कमरेइतकी उचलून धरली. आवाज चालूच. मग कॉइल उभी केली आणि सावकाश स्वतःभोवती फिरलो, तर एका दिशेला आवाज कमी, एका दिशेला जास्त. दिशेनुसार आवाज बदलतो तेव्हा तो बाहेरून आलेला असतो: विजेच्या तारा, पाळण्यांच्या मोटारी, दिव्यांचे ड्रायव्हर, खिशातला फोन. तिथून दूर कोरड्या वाळूवर गेलो, यंत्र गप्प झालं. ओल्या पट्टीवर आलो, पुन्हा ओरडायला लागलं.

तो कॉइल पाण्याकडून जमिनीकडे आणि परत अशी फिरवत होता. प्रत्येक फेरीत कॉइल ओल्या वाळूवरून कोरड्यावर जात होती, म्हणजे दर फेरीत खाली मीठ कमी-जास्त होत होतं. मी त्याला लाटांच्या रेषेला समांतर फेरी मारायला सांगितली, फेरीच्या टोकाला कॉइल उचलू दिली नाही आणि संवेदनशीलता दोन पायऱ्या खाली आणली. यंत्र शांत झालं. परत पाठवण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

हवेत आवाज म्हणजे बाहेरचा त्रास किंवा केबल. फक्त ओल्या वाळूवर आवाज म्हणजे मीठ किंवा सेटिंग. फक्त कॉइल टेकली किंवा आपटली की आवाज म्हणजे कॉइलच्या आत काहीतरी सैल. एवढं पाहण्याआधी स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये.

३. आपल्या अंगावरचा, हातातला धातू मोजावा.

१८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठे अडकली आहे हे शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं इंडक्शन बॅलन्स यंत्र घेऊन गेले. यंत्र आधी चाचण्यांत खरं उतरलं होतं. अध्यक्षांच्या बिछान्यात मात्र धातूच्या स्प्रिंग होत्या आणि आवाज जागा सांगेना. शिवाय डॉक्टरांच्या समजुतीप्रमाणे उजव्या बाजूलाच शोध झाला. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरात गारफील्ड गेले. माणसाने बनवलेल्या अगदी सुरुवातीच्या मेटल डिटेक्टरची ही गोष्ट मला फार लागते, कारण यंत्र चांगलं होतं आणि जाणकार माणसाच्या हातात होतं.

किनाऱ्यावर या स्प्रिंगांच्या जागी स्टीलचं फावडं, बुटाची लोखंडी टोपी, कॉइलजवळ बसवलेला धातूचा बोल्ट असतो. कॉइलचा बोल्ट नायलॉनचाच हवा. फावडं कॉइलपासून हातभर लांब. आणि कॉइलचं खालचं झाकण दर खेपेला काढून धुवावं: त्यात ओली काळी वाळू साचते, कॉइलबरोबर फिरते आणि बिघाडाची हुबेहूब नक्कल करते.

४. बहुतेक वेळा दोष केबलचा असतो.

सर्किट बोर्डावर संशय घ्यायला सगळ्यांना आवडतं, पण बोर्ड बंद डब्यात निवांत असतो. केबल वाकते, ताणली जाते, वाळूने घासते, उन्हात कडक होते. कॉइल लाकडी स्टुलावर स्थिर ठेवावी, यंत्र चालू करावं आणि केबल थोडी थोडी हलवत जावी: आधी डब्यापाशी, मग दांड्यावरच्या गुंडाळीत, शेवटी कॉइलच्या तोंडाशी. एका ठिकाणी खरखर उठतेच. मग मल्टिमीटर लावून तेच पुन्हा करावं. आकडा स्थिर राहिला पाहिजे. उडी मारली तर आत तार तुटत आली आहे.

तार कापली की आतलं तांबं पाहावं. चकचकीत असेल तर ठीक. काळं किंवा हिरवं पडलं असेल तर खारं पाणी धाग्यांच्या मधून वातीसारखं वर चढलेलं असतं. अशा तांब्याला सोल्डर धरत नाही. वरून धरल्यासारखं दिसतं आणि दोन भरत्यांनंतर ड्राय सोल्डर होतं. चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल मागे कापत जावी, कितीही जीवावर आलं तरी. जोडावर आतून गोंद सुटणारी हीट-श्रिंक नळी चढवावी. साधी नळी पाणी थांबवत नाही. आणि दांड्यावर केबल घट्ट बांधावी. लोंबणारी केबल फेरीगणिक कॉइलच्या मागेपुढे होते आणि नाजूक यंत्राला तेवढंही जाणवतं.

५. कॉइलच्या कवचाला ओला हात लावून पाहावा.

कॉइलच्या वेटोळ्याभोवती ग्रॅफाइटच्या रंगाचं किंवा फॉइलचं वीजवाहक आवरण असतं आणि ते ग्राउंडला जोडलेलं असतं. ओल्या वाळूजवळ गेल्यावर कॉइलची कपॅसिटन्स बदलू नये, यासाठी ते लागतं. हवेत धरलेल्या कॉइलला तळहात ओला करून लावला आणि यंत्र किंचाळलं, तर ही जोडणी तुटली आहे. घरी बनवलेल्या कॉइलमध्ये एक पथ्य आहे: आवरण पूर्ण गोल करायचं नाही, एका जागी बोटभर फट ठेवायची. वर्तुळ पुरं झालं तर ते आवरणच बंद वेटोळं होतं आणि कॉइलची ताकद खाऊन टाकतं.

६. पल्स यंत्रातला थांबण्याचा वेळ बदलता यावा, पण सांभाळून.

हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो. पल्स यंत्र कॉइलमध्ये क्षणभर प्रवाह सोडतं आणि एकदम तोडतं. तोडल्यावर कॉइलच्या टोकांवर काहीशे व्होल्टची उसळी येते. ती विझली की यंत्र थोडं थांबतं आणि मग ऐकतं. थांबण्याचा हा वेळ मायक्रोसेकंदांत असतो. पाण्यातले प्रवाह फार लवकर विरतात. तांब्या-चांदीच्या नाण्यातले बराच वेळ टिकतात. बारीक सोन्यातलेही लवकर विरतात. जास्त थांबलं तर पाणी गप्प होतं, पण पातळ अंगठीही गप्प होते. कमी थांबलं तर अंगठी ऐकू येते आणि समुद्रही ऐकू यायला लागतो. दहा मायक्रोसेकंदांच्या आसपास ही ओढाताण सुरू होते.

माझ्या जुन्या पल्स यंत्रात हा वेळ एका ठरावीक रेझिस्टरने कायमचा बांधलेला होता. त्याजागी मी लहान रेझिस्टर आणि त्याच्या मालिकेत एक प्रीसेट, म्हणजे फिरवून मूल्य बदलता येणारा रेझिस्टर, घातला. लहान रेझिस्टर ठेवायचाच: प्रीसेट शून्यावर गेला तरी वेळ धोक्याच्या खाली जाऊ नये म्हणून. आता कोरड्या वाळूवर वेळ कमी करतो आणि कंबरभर पाण्यात वाढवतो. प्रीसेट डब्याच्या आतच आहे. बाहेर नॉब काढायचा तर डब्याला आणखी एक भोक पडलं असतं, आणि समुद्रात प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट.

याच्याबरोबर डॅम्पिंगचा रेझिस्टरही तपासावा लागतो. तो कॉइलला समांतर असतो आणि उसळी विझवतो. मूल्य जास्त असेल तर कॉइल घंटेसारखी वाजत राहते, कमी असेल तर उसळी रेंगाळते. दोन्हीत लवकर ऐकणं अशक्य. कॉइल किंवा केबल बदलली की हे मूल्यही बदलतं. ऑसिलोस्कोपवर उसळी न डोलता, लवकरात लवकर खाली बसेल असं ते जुळवावं. रेझिस्टर तारेच्या गुंडाळीचा नसावा, मेटल फिल्मचा घ्यावा. प्रोब १०x वर ठेवावा. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी उसळीचे काहीशे व्होल्ट बोटाला आणि स्कोपला दोघांनाही बाधतात.

७. बॅटरी बदलताना व्होल्टइतकाच आवाजाचा विचार करावा.

आठ अल्कलाइन सेल म्हणजे १२ व्होल्ट. तीन लिथियम-आयन सेल मालिकेत ११.१, पूर्ण भरल्यावर १२.६. गणित जुळतं, आणि हिवाळ्यातल्या थंडीत अल्कलाइन लवकर मान टाकतात तेव्हा लिथियम बरी. संरक्षणाचा बोर्ड असलेलेच सेल घ्यावेत. मात्र व्होल्ट चढवणारं-उतरवणारं स्विचिंग कन्व्हर्टर यंत्राच्या आत घालू नये. त्याची गुणगुण थेट रिसीव्हरमध्ये शिरते. डबा बंद करून आत चार्जिंग कधीच नको. सेलमधून वायू सुटू शकतो आणि हवाबंद डब्यात तो फार धोक्याचा.

८. तापलेला डबा थंड पाण्यात बुडवू नये.

गाडीच्या डिकीत तापलेल्या डब्यातली हवा पसरलेली असते. तो तसाच गार समुद्रात नेला की हवा आकसते, आतला दाब घटतो आणि सील जिथे किंचित कच्चं आहे तिथून पाणी आत खेचलं जातं. डबा सावलीत निवू द्यावा, त्यावर ओलं फडकं टाकावं, मग पाण्यात. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. भरपूर ग्रीस लावलं की त्याला वाळूच चिकटते. केसाएवढा कण आडवा बसला तरी सील फुकट जातं, म्हणून किनाऱ्यावर डबा उघडायचाच नाही.

पाणी शिरलंच तर त्याच क्षणी बॅटरी काढावी. बोर्ड ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा. हे ऐकून लोक दचकतात, पण सुकू दिलेलं खारं पाणी मागे मीठ ठेवतं आणि ते हवेतली ओल ओढून तांबं खात राहतं. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. पंख्यासमोर दोन दिवस. तांदळात पुरून काही होत नाही.

९. एका वेळी एकच बदल, आणि माप एकच.

अमेरिकेतलं पाच सेंटचं नाणं, निकेल, ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेलचं असतं. यंत्राला ते मध्यम आकाराच्या सोन्याच्या अंगठीजवळ दिसतं. (इथल्या लग्नाच्या अंगठ्या बहुधा १४ कॅरटच्या, म्हणजे जेमतेम ५८.५ टक्के सोनं. आपल्या २२ कॅरटपेक्षा त्या वीज कितीतरी कमी वाहतात.) मी निकेल प्लास्टिकच्या पट्टीला चिकटवून ठेवलं आहे. ओल्या वाळूत नेहमीच्या खोलीवर पुरतो, पट्टीला बांधलेली दोरी वर ठेवतो, आणि बदलाआधी व बदलानंतर त्याच जागी, त्याच भरतीच्या वेळी ऐकतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नाणं हवेत किती लांबून वाजतं, त्यावरून समुद्राचं काहीच ठरत नाही.

१९८२ नंतरचा सेंट मापाला घेऊ नये. तो आतून जस्ताचा, वर तांब्याचा पातळ मुलामा. खाऱ्या वाळूत तो कुरतडला जातो आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा होतो.

१०. कुठे खणायचं नाही हे यंत्राच्या आधी शिकावं.

सँडी हूक माझ्या घरापासून सोयीचं, पण ते राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे आणि तिथे डिटेक्टर नेणंही गुन्हा. गावोगावच्या किनाऱ्यांचे नियम वेगळे, ते नगरपालिकेत विचारावेत. लाँग बीच आयलंडवरच्या सर्फ सिटीत किनारा रुंद करण्यासाठी समुद्रतळाची वाळू उपसून टाकली, तिच्याबरोबर पहिल्या महायुद्धाच्या काळातला टाकून दिलेला दारूगोळा वर आला. ही २००७ ची गोष्ट. तेव्हापासून न ओळखलेलं गंजकं नळकांडं दिसलं की मी हात लावत नाही, पाय मागे घेतो आणि पोलिसांना फोन करतो.

भाचा म्हणतो, "मामा, येताना ते यंत्र रत्नागिरीला घेऊन या ना." मी नाही म्हणतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की ती कलेक्टरला कळवावी लागते, आणि संरक्षित किल्ले आणि स्मारकं यांच्याजवळ खणणं तर त्याहून गंभीर. आमच्या किनाऱ्यावर पुरातत्त्वाचं जे आहे ते तिथेच, त्याच थरात राहावं असं मला मनापासून वाटतं. थरातून उपटलेलं नाणं इतिहासाला फारसं काही सांगत नाही.

११. बारीक साखळीचं कोडं.

गळ्यातली सोन्याची नाजूक साखळी कितीही जड असली तरी डिटेक्टरला जवळपास दिसत नाही. साखळीतली प्रत्येक कडी वेगळी. प्रवाह एका कडीतून दुसरीत नीट जात नाही, म्हणून यंत्राच्या दृष्टीने ती एक वस्तू नसून शेकडो सूक्ष्म वेटोळी असतात, आणि त्यांतले प्रवाह ऐकायला लागण्याआधीच विरलेले असतात. अंगठीच्या कितीतरी पट सोनं आणि तरी शांतता. या हिवाळ्यात मी त्यासाठीच लहान, कमी कपॅसिटन्सची कॉइल गुंडाळतो आहे: पातळ तार, वेटोळ्यांत थोडं अंतर, आखूड केबल. उसळी लवकर विझली तर आणखी एक-दोन मायक्रोसेकंद आधी ऐकता येईल. तोवर ओल्या वाळूत टिचभर, तुटक, एकदाच उठणारा आवाज आला तर मी तो खिळा समजून सोडत नाही. साखळीचा फासा किंवा पदक तेवढं वाजतं, आणि बाकीची साखळी त्याच्या मागे वाळूत असते.